पार्श्वभूमी: प्लुटोचे ग्रहपद आणि प्रागचे मतदान

सूर्यमालेत ग्रह किती, याचे उत्तर २४ ऑगस्ट २००६ पर्यंत नऊ होते आणि त्या दिवसापासून आठ आहे. हा निर्णय आठवला की अजूनही अनेकांना वाटते, काही शास्त्रज्ञांनी प्रागमधल्या अधिवेशनात एका दुपारी हात वर केले आणि बिचाऱ्या प्लुटोची हकालपट्टी झाली. हात वर झाले हे खरे. पण ती वेळ का आली, हे त्या दुपारवरून कळत नाही.

डोळ्यांना दिसणारे पाच ग्रह, १७८१ मध्ये सापडलेला हर्षल आणि १८४६ मध्ये आधी गणिताने व मग दुर्बिणीने सापडलेला नेपच्यून, हा भाग शाळेत झालेला असतो. त्यात सहसा न येणारे एक प्रकरण मात्र इथे हवे. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत सेरेस सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काहीतरी असावे असे ग्रहांच्या अंतरांचा एक आकडेमोडी नियम सांगत होता आणि सेरेस नेमका तिथेच निघाला. त्याला ग्रह म्हणायला कोणीही कचरले नाही. मग १८०२, १८०४ आणि १८०७ मध्ये त्याच पट्ट्यात आणखी तीन सापडले आणि खगोलशास्त्राच्या पुस्तकांत ग्रहांची संख्या अकरा झाली. १८४५ नंतर मात्र तिथे वरचेवर नवे गोळे सापडू लागले. १८५१ पर्यंत पट्ट्यातले पंधरा ठाऊक होते. प्रत्येकाला वेगळे चिन्ह देण्याचा कंटाळा येऊन क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, सेरेसला पहिला क्रमांक मिळाला आणि पाहता पाहता तो लघुग्रहांच्या यादीत जाऊन बसला. त्यासाठी सभा भरली नाही, मतदान झाले नाही, कोणी निषेधही केला नाही. सुमारे अर्धशतक ग्रह म्हणून मिरवलेल्या सेरेसची आज कोणाला हळहळही नाही.

प्लुटोचे मात्र तसे झाले नाही, कारण तो ज्या अपेक्षेने सापडला ती अपेक्षाच मोठी होती. हर्षलच्या भ्रमणात काही बारीक विसंगती दिसत होत्या आणि नेपच्यूनपलीकडचा एखादा वजनदार ग्रह त्याला ओढत असावा असा कयास होता. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ इथल्या वेधशाळेच्या संस्थापकाने या ग्रहाच्या शोधात आयुष्याची अखेरची वर्षे घातली. १९१६ मध्ये तो वारला. पुढे तिथल्याच २४ वर्षांच्या एका मदतनिसाने काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या फोटोंच्या काचा आळीपाळीने पाहताना १८ फेब्रुवारी १९३० रोजी एक हलणारा ठिपका पकडला. १३ मार्चला घोषणा झाली. ऑक्सफर्डच्या ११ वर्षांच्या मुलीने सुचवलेले नाव त्याला मिळाले.

ठिपका भाकितापासून फार दूर नव्हता, म्हणून हाच तो ग्रह असे सगळ्यांनी धरून चालले. पुढे कळले की तो निव्वळ योगायोग होता. सुरुवातीला प्लुटोचे वस्तुमान पृथ्वीएवढे मानले गेले, १९४८ च्या सुमारास ते पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्यावर आले, १९७६ मध्ये शंभराव्या हिश्श्यावर. १९७८ मध्ये प्लुटोभोवती फिरणारा शॅरन हा उपग्रह सापडला आणि पहिल्यांदा वस्तुमान नीट मोजता आले: पृथ्वीच्या सुमारे ०.२ टक्के, म्हणजे आपल्या चंद्राच्या साधारण सहाव्या भागाइतके. १९८० मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी या घसरत्या अंदाजांचा आलेख काढून गमतीने जाहीर केले की याच गतीने १९८४ मध्ये प्लुटो नाहीसाच होईल. ज्या विसंगतींपायी हा शोध सुरू झाला त्याही अखेर हवेत विरल्या. १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलेल्या यानाने त्या ग्रहाचे नेमके वस्तुमान दिले, ते आकडे घालून गणित पुन्हा केल्यावर हर्षलच्या भ्रमणात कसलीच तक्रार उरली नाही.

एवढे होऊनही प्लुटो ग्रहच राहिला. २४८ वर्षांची, १७ अंशांनी कललेली आणि काही काळ नेपच्यूनच्याही आत शिरणारी कक्षा, पृथ्वीच्या चंद्राहून लहान आकार, हे सगळे ‘वेगळेपण’ म्हणून खपून गेले. तोवर त्याच्यासारखे दुसरे काही ठाऊक नव्हते.

३० ऑगस्ट १९९२ रोजी हवाईच्या मौना केआ पर्वतावरून नेपच्यूनपलीकडे आणखी एक बर्फाळ गोळा दिसला. पुढच्या काही वर्षांत अशांची संख्या शेकड्यांत गेली आणि नेपच्यूनपलीकडच्या या बर्फाळ गोळ्यांचा पट्टा, म्हणजे कायपरचा पट्टा, ही प्रत्यक्ष दिसणारी गोष्ट झाली. सेरेसची गोष्ट दुसऱ्यांदा घडत होती आणि जाणकारांना ते दिसतही होते. १९९९ मध्ये लघुग्रहांच्या नोंदवहीतला १०,००० वा क्रमांक मानाने प्लुटोला द्यावा, ग्रह म्हणूनही त्याची नोंद राहू द्यावी, अशी कल्पना पुढे आली. तिच्यावर इतका गदारोळ झाला की प्लुटोचा दर्जा बदलण्याचा विचार नाही, असा खुलासा खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेला करावा लागला. माझ्या मते इथेच संधी हुकली. तेव्हा हा दुहेरी दर्जा मान्य झाला असता तर पुढचा तमाशा टळला असता. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयाने नव्या दालनात प्लुटोला ग्रहांच्या रांगेतून काढून बर्फाळ गोळ्यांत मांडले, तर तिथे शाळकरी मुलांच्या रागाच्या पत्रांचा पाऊस पडला.

२९ जुलै २००५ रोजी प्लुटोहून मोठा वाटणारा एक गोळा जाहीर झाला. आज त्याला एरिस म्हणतात. वृत्तपत्रांनी त्याला दहावा ग्रह म्हणून टाकले. अडचण मात्र कारकुनी होती. ग्रहाला नाव देणारी समिती एक आणि लघुग्रहांना नाव देणारी दुसरी, नियमही वेगळे. एरिस नक्की कोण हे ठरल्याशिवाय त्याचे नाव कोणी ठरवायचे हेच ठरेना. ग्रह म्हणजे काय याची व्याख्या इतक्या शतकांत कोणी केलेली नव्हती. ती करायला भाग पाडले ते या नामकरणाच्या पेचाने.

व्याख्या ठरवण्यासाठी संघटनेने नेमलेल्या १९ जणांच्या पहिल्या गटाचे एकमत झाले नाही. मग सात जणांची छोटी समिती नेमली गेली, तिच्यात खगोलशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक आणि एक लेखिकाही होती. या समितीचा मसुदा १६ ऑगस्ट २००६ रोजी संघटनेच्या प्रागमधल्या अधिवेशनात आला. सूर्याभोवती फिरणारे आणि स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेले जे काही असेल ते ग्रह. या हिशोबाने ग्रह एकदम बारा होणार होते: सेरेस परत येणार, एरिस येणार आणि शॅरनही येणार. शॅरन का, तर प्लुटो आणि तो ज्या बिंदूभोवती फिरतात तो बिंदू प्लुटोच्या बाहेर, मोकळ्या जागेत पडतो. वर आणखी डझनभर उमेदवार रांगेत. आक्षेप लगेच आला. आपला चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे. असाच जात राहिला तर कधीतरी पृथ्वी-चंद्राचा तो बिंदूही पृथ्वीबाहेर पडेल आणि चंद्र एका रात्रीत ग्रह होईल!

कक्षांचे गणित करणाऱ्यांनी आठवडाभर मसुदा धरून हाणला. शेवटी तिसरी अट घातली गेली: ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. ज्याला पहिल्या दोन अटी लागू पडतात पण तिसरी नाही आणि जो कोणाचा उपग्रह नाही, तो बटुग्रह. सगळे भांडण आजही या तिसऱ्या अटीवरून आहे. ‘मोकळा’ म्हणजे किती मोकळा? गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे हजारो लघुग्रह आहेत. पृथ्वीची कक्षा ओलांडणारेही कमी नाहीत. नेपच्यूनची वाट तर खुद्द प्लुटोच ओलांडतो, मग नेपच्यून कसला ग्रह?

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो; मला तो शब्दच्छल वाटतो. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लुटोच्या दोन होतात, ही लय नेपच्यूनने लावलेली आहे. प्लुटो तिथे त्याच्या तालावर आहे. २००६ मध्येच एका शास्त्रज्ञाने साधे गुणोत्तर काढून दाखवले: त्या गोळ्याचे वस्तुमान भागिले त्याच्या परिसरातल्या बाकी सगळ्या गोष्टींचे मिळून वस्तुमान. पृथ्वीसाठी हा आकडा सुमारे १७ लाख येतो. आठ ग्रहांत सर्वांत कमी आकडा मंगळाचा, तोही ५ हजारांच्या आसपास. प्लुटोचा एक दशांशाहून कमी. मधली दरी इतकी रुंद आहे की रेघ कुठेही मारा, बाजू बदलत नाहीत. हे गुणोत्तर ठरावात घातले असते तर निम्मे वाद झालेच नसते. ठरावात आली ती ढिसाळ भाषा. शिवाय व्याख्या फक्त सूर्याभोवतीच्या ग्रहांपुरती, तीही १९९५ पासून इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह सापडत असताना.

मतदान शेवटच्या दिवशी झाले. तोवर बरेच प्रतिनिधी परतले होते आणि गैरहजर सदस्यांना मत देण्याची सोय नव्हती. नऊ-दहा हजारांच्या संघटनेत मतदानाची पिवळी कार्डे हाती घेऊन बसलेले होते ४२४. आठ ग्रहांना ‘अभिजात ग्रह’ म्हणावे म्हणजे बटुग्रहही ‘ग्रह’ या छत्राखाली येतील, अशीही एक सूचना होती. ती समजावण्यासाठी व्यासपीठावर खरोखरीची छत्री उघडली गेली. सूचना पडली. म्हणून बटुग्रह हा ग्रह नाही, हे विचित्र वाक्य अधिकृत झाले. प्लुटोला बटुग्रह ठरवणारा ठराव २३७ विरुद्ध १५७ मतांनी मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये त्याला क्रमांक मिळाला १३४३४० आणि नव्या गोळ्याला नाव मिळाले एरिस, ग्रीकांची कलहदेवी.

काही दिवसांतच तीनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी ही व्याख्या आपण वापरणार नाही असे सह्यांनिशी कळवले. २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या आकाशातून जाताना प्लुटो ग्रहच राहील असा ठराव केला. शोध लावणारा तो तरुण पुढे त्याच राज्यात प्राध्यापक होता. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत नवाचे आठ झाले. पंचांगातल्या नवग्रहांना काही धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता. त्यांत रवी आणि चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, प्लुटो कधीच नव्हता.

प्लुटोकडे निघालेले यान प्रागच्या सात महिने आधी, १९ जानेवारी २००६ रोजी सुटले होते. ते १४ जुलै २०१५ रोजी सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले. नायट्रोजनच्या बर्फाचे हृदयाच्या आकाराचे मैदान, पाण्याच्या बर्फाचे साडेतीन हजार मीटरच्या घरातले डोंगर, निळसर धुके असे पुष्कळ काही दिसले आणि ‘हा मेलेला गोळा नव्हे’ म्हणत प्लुटोला पुन्हा ग्रह म्हणा या जुन्या मागणीने उचल खाल्ली. २०१७ मध्ये काहींनी कक्षा विसरा, जे गोल ते ग्रह अशी व्याख्या मांडली. तिच्यात ग्रह शंभराच्या वर जातात आणि आपला चंद्रही ग्रह होतो. याच यानाने प्लुटोचा व्यासही पक्का केला, २,३७७ किलोमीटर. एरिसचा व्यास २०१० च्या निरीक्षणांवरून २,३२६ ठरला होता. म्हणजे ज्याच्या मोठेपणामुळे सगळे घडले तो आकाराने थोडा लहानच निघाला, वजनाने मात्र प्लुटोपेक्षा सव्वापटीहून जास्त.

२०२४ मध्ये केपटाऊनच्या अधिवेशनात काही शास्त्रज्ञांनी व्याख्येत अखेर आकडे घालण्याची सूचना मांडली, जी इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांनाही लागू होईल. त्यावर मतदान झाले नाही. तसे झाले असते तरी सूर्यमालेतले ग्रह आठच राहिले असते. अधिकृत बटुग्रह सध्या पाच आहेत: सेरेस, प्लुटो, एरिस, हाउमेआ, माकेमाके. क्वावार, सेडना, गोंगगोंग यांच्यासारखे उमेदवार वर्षानुवर्षे ताटकळत आहेत, क्वावारभोवती तर कडीही सापडली आहेत. पण २००८ नंतर संघटनेने त्या यादीत एकाही नावाची भर घातलेली नाही.