ग्रॅनाइट सजावट, कोकणी स्वयंपाकघरातील

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील घरांत ओटा, ओट्यामागचा पट्टा, खिडकीची बैठक, देव्हाऱ्याची कोनाडी यांसाठी ग्रॅनाइट वापरण्याची पद्धत. कोकणी घराचा आपला दगड म्हणजे जांभा. पाट्या-वरवंट्याला काळा पाषाण. ओट्याचा ग्रॅनाइट बहुतेक घाट उतरूनच येतो: कर्नाटकातला इलकलचा लालसर, तेलंगणातल्या करीमनगरचा तपकिरी ‘टॅन ब्राऊन’, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’. शेवटच्या दगडातले सोनेरी ठिपके पायरॉक्सीन खनिजाचे असतात.

त्याआधी ओट्याला कडप्पा असे आणि फडताळांना तो आजही घालतात. कडप्पा व संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ किंवा लिंबू सांडून राहिले, की त्यांची झिलई जाते आणि पांढुरका डाग उरतो. सोलकढी आणि आंबट तिखल्याच्या घरात हे रोजचेच. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ व फेल्डस्पार या आम्लांना दाद देत नाहीत. काठिण्यही १ ते १० च्या मोहस् मापावर ६ ते ७, संगमरवराचे जेमतेम ३. मात्र फिकट ग्रॅनाइट हळद आणि तेल शोषतो, म्हणून त्यावर सीलर मारावा लागतो. गडद दगड कमी पितात. दुकानात नमुन्यावर पाण्याचे थेंब ठेवून थोडा वेळ थांबावे. खालचा दगड काळवंडला तर तो पाणी पितो. काळ्या दगडाला रंग चढवलेला असेल, तर ॲसिटोनने भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याला तो लागतो.

रंग निवडताना उजेड पाहावा, ही या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कौलारू घराची वळचण खाली उतरलेली, मागे पडवी, आणि पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून खिडकीला झाप. अशा स्वयंपाकघरात ओटा, भिंत आणि फडताळे सगळी काळी केली, तर भर दुपारी दिवा लावावा लागतो. काळा ओट्यापुरताच ठेवून मागे फिकट राखाडी दगड किंवा पांढरी फरशी लावलेली बरी. गुळगुळीत काळ्यावर घावणाच्या पिठाचा प्रत्येक थेंब आणि बोटाचा ठसा दिसतो. खरबरीत ‘लेदर फिनिश’ तो लपवते.

जांभ्याशी काळ्या ग्रॅनाइटची जोडी फार देखणी दिसते. गिलावा न केलेली चिऱ्यांची तांबडी भिंत आणि खाली काळी पट्टी, इतके पुरते. पण जांभा सच्छिद्र असतो. फोडणीचे तेल त्याच्या भोकांत बसले की निघत नाही, म्हणून शेगडीमागे निदान दोन फूट ग्रॅनाइट चढवून वर चिरा उघडा ठेवतात.

कडेची घडण हा सजावटीतला आवडता भाग. गोल, अर्धगोल, दुहेरी जाडीची नक्षीदार कड. कारागीर हौसेने करून देतात. पण पकडीने ओट्याला आवळायची नारळाची खवणी गोल कडेवरून घसरते. तिच्यासाठी हातभर लांबीची कड सरळ, चौकोनी आणि खालच्या कपाटापुढे इंच-दीड इंच आलेली ठेवून घ्यावी. रबरी तळाची खवणी वापरत असाल, तर तिच्या जागी दगड गुळगुळीत हवा; खरबरीतावर ती चिकटत नाही. नारळ मात्र ओट्याच्या कडेवर आपटून फोडू नये. ग्रॅनाइट कठीण असला तरी कडेचा टवका उडतो, आणि तो सांधलेला शेवटपर्यंत दिसतो. शेगडी किंवा सिंकसाठी कापलेल्या भोकापुढची अरुंद पट्टीही अशीच नाजूक असते. तिच्याखाली आधार लागतो.

दोन रंगांचे दगड जोडून कमळ किंवा स्वस्तिक काढायचे असेल, तर ते देव्हाऱ्याच्या तळाला करावे. ओट्यावरच्या नक्षीच्या सांध्यांत वाटण आणि माशाचे पाणी बसते. मासे साफ करायला पुष्कळ घरांत मागीलदारी वेगळी शिळा असतेच; ओट्याच्या कापातून उरलेला तुकडा थोड्या उतारावर बसवला, की तिथे छान उपयोगी पडतो.