स्टीलहेड अंडी घातल्यावर मरतोच का?
अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नद्यांत कृत्रिम माशी लावून गळ टाकणाऱ्यांमध्ये एक जुना समज आहे, की स्टीलहेड हा मासाही सॅमन माशासारखा अंडी घालून मरतोच, मग तो सोडून काय उपयोग? हे खरे नाही. स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतलेला रेनबो ट्राउटच. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला पॅसिफिक सॅमनच्या गटात घातले, त्यामुळे गोंधळ वाढला असावा. चिनूक, कोहो हे सॅमन प्रजननानंतर मरतात. काही स्टीलहेड मात्र, त्यांत माद्या अधिक, समुद्र गाठून पुन्हा अंडी घालायला येतात. म्हणून पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल, म्हणजे मासा बहुधा नदीतच जन्मलेला असेल (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या माशांचा तो पर सहसा कापलेला असतो), तर त्याला पाण्यातच ठेवून, ओल्या हातांनी आकडा काढून सोडावे.