पोटदुखी, एमआरआय आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

जत, आटपाडी, पार सीमेपलीकडच्या अथणीपासून पेशंट मिरजेला येतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला तेव्हापासूनची ही वहिवाट. पाळीत उभंसुद्धा राहवत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीही त्यात असतात. घरचं उत्तर ठरलेलं असतं. आधी ‘लग्न झालं की थांबेल’, मग ‘एक मूल झालं की थांबेल’. सोनोग्राफी नॉर्मल आली की तर पोरगी नाटकीच ठरते.

यातल्या काहीजणींना एंडोमेट्रिओसिस असतो. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, गर्भपिशवीच्या मागं, आतड्यावर, मूत्राशयावर रुजतात आणि दर महिन्याला संप्रेरकांच्या तालावर सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे. पूर्वी खात्री करायची तर भूल देऊन दुर्बीण घालणं हाच मार्ग मानला जाई. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला. आता आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास ३० हजार पट ताकदीचं असतं. त्यात झोपलेल्या माणसाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी दिल्या की पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनची केंद्रकं डिवचली जातात. ती पुन्हा जागेवर यायला किती वेळ घेतात, त्यावरून चित्रातला काळा-पांढरा रंग ठरतो.

खरी गंमत जुन्या रक्तात आहे. बीजांडकोशात पुन्हा पुन्हा रक्तस्राव होऊन काकवीसारखा दाट, काळपट द्रव साठतो. डॉक्टर त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. जुन्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन झालेलं असतं, त्यामुळं ‘टी-१’ प्रकारच्या चित्रात ही गाठ पांढरीशुभ्र दिसते. पण चरबीही तशीच पांढरी दिसते, आणि चरबी भरलेली डर्मॉइड गाठ बीजांडकोशातच होते. मग तेच चित्र चरबीचा संदेश दाबून पुन्हा काढतात. डर्मॉइड काळी पडते, रक्ताची गाठ लखलखीत राहते. ‘टी-२’ चित्रात साधं पाणी पांढरं दिसतं, हे दाट रक्त मात्र करडं, काळवंडलेलं. इतकी स्वच्छ तपासणी वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळते, असं मला वाटतं.

खोलवरचा, म्हणजे आतड्यासारख्या अवयवांत आत शिरलेला आजार ओळखणं अवघड. तिथं रक्त कमी, चिवट तंतूच जास्त, म्हणून ‘टी-२’मध्ये तो काळ्या पट्ट्यासारखा दिसतो. आतडं हललं की तोही पुसट होतो. म्हणून काही तास उपाशी ठेवतात आणि आतड्याची हालचाल मंदावणारं इंजेक्शन देतात. आत जाण्यापूर्वी मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं उतरवावं लागतं. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे सासूबाईंचं म्हणणं बरोबर असतं; पण धातू तापू शकतो, चित्रही बिघडवतो. मग जोडवी सासूबाईंच्या पदराच्या गाठीत जातात. अर्धा-पाऊण तास आतला खडखडाट ऐकत निपचित पडायचं, एवढंच. लग्न न झालेल्या मुलींची योनीमार्गे सोनोग्राफी सहसा करत नाहीत, त्यांच्यासाठी तर एमआरआय फारच सोयीचा.

तरीही पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे मिलिमीटरभराचे ठिपके एमआरआयला बहुधा दिसत नाहीत. वेदना मात्र त्यांनीही प्रचंड होऊ शकते. त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल आला तरी आजार नाही, असं म्हणता येत नाही. उलट, तरबेज डॉक्टरनं केलेली योनीमार्गे सोनोग्राफी खोल आजारात एमआरआयच्या तोडीस तोड असते. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहून पाठवलं तर तपासणी सरधोपट होते. पाळीत शौचाला दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला त्रास होतो, हे लाज बाजूला ठेवून सांगितलं आणि चिठ्ठीत उतरलं, तर रेडिओलॉजिस्ट नेमका तोच भाग बारकाईनं बघतो.

ऑपरेशन ठरलं तर हाच एमआरआय नकाशासारखा वापरतात. आतड्यात किती खोल गेलंय हे आधी कळलं, तर पोटाच्या सर्जनला त्या दिवशी सोबत बोलावता येतं. मूत्रवाहिनी आवळली गेली असेल तर मूत्रपिंड काही न दुखता निकामी होत जाऊ शकतं, म्हणून खोल आजार दिसला की मूत्रपिंडंही तपासून घेतात.