ऑफिसच्या संगणकावर ॲडमिन राइट्स हवेत? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

ॲडमिन राइट्स म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर बसवायचे आणि सेटिंग बदलायचे पूर्ण अधिकार. अर्जात ‘कामासाठी ॲडमिन राइट्स हवेत’ एवढंच लिहिलं असेल, तर तो अर्ज बहुतेक वेळा परत येतो. मंजूर करणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: नेमकं कुठलं काम अडलंय, कुठल्या मशीनवर आणि किती दिवसांसाठी. म्हणून अर्ज अधिकारासाठी करू नका, कामासाठी करा. बऱ्याच वेळा पूर्ण ॲडमिन न होताही ते काम होऊन जातं.

कोणाला मिळतात

ड्रायव्हर किंवा विंडोज सर्व्हिस लिहिणारे डेव्हलपर, उपकरणाला जोडलेला संगणक सांभाळणारे प्रयोगशाळेतले लोक, ऑफिसच्या नेटवर्कबाहेर जाऊन दुरुस्ती करणारे इंजिनीअर आणि हेल्पडेस्क. पद हा निकष नाही. मोठ्या साहेबांना तर फसवे मेल मुद्दाम हेरून पाठवले जातात, त्यामुळे रोजच्या लॉगिनला हे अधिकार त्यांनाही देऊ नयेत. अनेकजण वापरतात त्या सामायिक मशीनवर कोणत्याही एका वापरकर्त्याला ॲडमिन करत नाहीत.

अर्ज करण्याआधी हे तपासा

विंडोजमध्ये ठराविक कामापुरती परवानगी देणारे तयार गट असतात, खात्याचं नाव त्यात घातलं की झालं. दुसऱ्या जागेवरून मशीनवर लॉगिन करायचंय? ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ गट पुरतो. आयपी पत्ता वारंवार बदलावा लागतो? ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’. नुसते लॉग (विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) वाचायचेत? ‘इव्हेंट लॉग रीडर्स’. ‘पॉवर यूजर्स’ मागू नका; विंडोज व्हिस्टापासून त्या गटात खास ताकद उरलेली नाही, जुन्या प्रोग्रॅमच्या सोयीसाठी नाव तेवढं ठेवलंय. ‘बॅकअप ऑपरेटर्स’चं उलट आहे. नाव गरीब, पण परवानग्या ओलांडून कोणतीही फाइल वाचता येते, म्हणून तो गट ॲडमिनइतकाच जपून द्यावा.

प्रिंटर बसत नसेल तर तोही वेगळा विषय. ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला मुळातच ॲडमिन लागतो. त्यासाठी फक्त प्रिंटरचं मॉडेल कळवा, ड्रायव्हर आयटी विभाग पाठवेल.

सगळ्यात जास्त अर्ज येतात ते जुन्या सॉफ्टवेअरपायी. प्रोग्रॅम उघडतो, एंट्री करता येते, सेव्ह दाबलं की एरर. कारण तो आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतो आणि साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा नसते. कधीकधी एररही येत नाही. जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमचं लिखाण विंडोज गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं. मग एकाच मशीनवर दोघांना दोन वेगळे आकडे दिसतात आणि भांडण भलत्याच गोष्टीवरून होतं. ‘प्रोसेस मॉनिटर’ (प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतो ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) लावून ‘ॲक्सेस डिनाइड’वर फिल्टर केलं की अडलेला फोल्डर लगेच सापडतो. त्या डेटा फोल्डरलाच ‘मॉडिफाय’ परवानगी द्यायची. अख्ख्या प्रोग्रॅमच्या फोल्डरला दिली, तर मूळ ईएक्सई फाइल कोणीही बदलू शकतो आणि पुढे ती एखाद्या ॲडमिनच्या हातून चालते.

अर्जासोबत काय जोडायचं

मशीनचं नाव (कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘होस्टनेम’ टाइप केलं की मिळतं), डब्यावरच्या स्टिकरचा मालमत्ता क्रमांक, आपलं लॉगिन, सॉफ्टवेअरचं नाव व आवृत्ती, लायसन्स किंवा खरेदीचा पुरावा. एररचा स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्या. कापलेल्या चित्रात नेमका एरर कोडच गळतो. पुरवठादाराच्या मॅन्युअलमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असं लिहिलं असेल तर ते पान जोडा. विभागप्रमुखांची लेखी मंजुरी आणि वापराच्या नियमांवरची सही लागते. कंत्राटी कर्मचाऱ्याने कराराची शेवटची तारीख द्यावी, अधिकार त्यापुढे जात नाहीत. मुदतीच्या रकान्यात ‘कायम’ लिहिणं म्हणजे अर्ज स्वतःच लांबवणं.

मंजुरीनंतर

एकदाच काहीतरी बसवायचं असेल, तर बहुधा खातं न देता त्या मशीनच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड तेवढ्यापुरता देतात. हा पासवर्ड प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. तो सांभाळणारी ‘लॅप्स’ ही सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आहे. वेगळं काही ठरवलं नाही तर पासवर्ड १४ अक्षरांचा असतो आणि ३० दिवसांनी बदलतो. तो वहीत लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

जास्त दिवसांचं काम असेल तर दुसरं खातं मिळतं आणि ते त्या एका मशीनच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटात घातलं जातं. मेल आणि ब्राउझर जुन्याच लॉगिनवर ठेवायचे. गटात घातलं त्या वेळी ते खातं लॉगिन असेल, तर साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. गटांची यादी लॉगिनच्या क्षणी टोकनमध्ये (त्या सत्राच्या ओळखपत्रात) बसते, चालू सत्रात बदलत नाही. खात्री करायला त्या खात्यातून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूॲमआय /ग्रुप्स’ (whoami /groups) चालवा आणि एस-१-५-३२-५४४ (S-1-5-32-544) हा ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटाचा क्रमांक शोधा. त्यापुढे ‘डिनाय ओन्ली’ दिसलं तर घाबरू नका, साध्या खिडकीत तसंच दिसतं. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या खिडकीत तो शेरा जातो.

कुठे बिघडतं

‘काल दिले होते, आज सकाळी गेले’ ही नेहमीची तक्रार. हाताने घातलेलं नाव ग्रुप पॉलिसीने, म्हणजे आयटी विभाग सगळ्या मशीनवर एकाच जागेवरून लावतो त्या नियमांनी, पुसलेलं असतं. त्या पॉलिसीतल्या ‘रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स’ या सेटिंगमधली ‘मेंबर्स’ यादी गटातल्या जुन्या नावांत भर घालत नाही, ती यादी बदलूनच टाकते. पॉलिसी पार्श्वभूमीला साधारण ९० ते १२० मिनिटांनी तपासली जाते, पण सुरक्षा सेटिंग्जमध्ये बदल नसला तरी त्या दर १६ तासांनी पुन्हा लागू होतात. म्हणून नाव तासाभरात न जाता रात्रीतून जातं. अशा वेळी पुन्हा हाताने घालायला सांगू नका, अपवाद पॉलिसीत नोंदवायला सांगा.

दुसरी चूक देणाऱ्याच्या बाजूची असते. घाईत एका व्यक्तीऐवजी ‘डोमेन यूजर्स’ हा गटच ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये घातला जातो. काम होतं, कोणी तक्रार करत नाही आणि ऑफिसातला प्रत्येक माणूस त्या मशीनचा ॲडमिन होऊन बसतो. ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ (net localgroup administrators) या कमांडने आत कोण आहे ते लगेच दिसतं. गट दाखवणाऱ्या खिडकीत नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली, तर ते बहुधा हटवलेलं खातं असतं. तेही काढायला सांगा.

लिनक्सवर ॲडमिनचे अधिकार ‘सुडो’ (ॲडमिन म्हणून कमांड चालवायची सोय) वापरू देणाऱ्या गटातून मिळतात. तिथेही नवीन लॉगिन लागतं आणि ‘यूजरमॉड’ या कमांडने गट देताना ‘ॲपेंड’चा (जुने गट ठेवून भर घालायचा) पर्याय विसरला तर वापरकर्ता बाकीच्या जोडगटांतून बाहेर पडतो.

मुदत वाढवायची असेल तर संपायच्या आधी आठवडाभर त्याच तिकिटावर (अर्जाच्या आयटीकडच्या नोंदीवर) कारणासह लिहा. बढती, बदली किंवा मशीन बदललं तर जुना अधिकार पुढे येत नाही, नवा अर्ज करावा लागतो. ऑडिट नोंद चालू असेल तर गटात नाव घातल्याची नोंद सुरक्षा लॉगमध्ये ४७३२ आणि काढल्याची ४७३३ या क्रमांकाने राहते. त्यामुळे ‘मला कधी दिले होते’ याचं उत्तर तारीख-वेळेसह मागता येतं.