एक्स्पायरी रिटर्न वेगळं, रिकॉल वेगळं! तारीख नाही, बॅच बघा

इंदूरच्या दवा बाजारात स्टॉकिस्ट, म्हणजे कंपनी आणि मेडिकलच्या मधला घाऊक विक्रेता आहे, त्यामुळे हे सारखं कानावर येतं: "कंपनीने माल परत मागवला म्हणजे एक्स्पायर झाला असणार." नाही हो! दोन्हीत औषध मागे जातं, एवढंच काय ते सारखं.

एक्स्पायरी रिटर्न सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलवाला तारीख संपलेला माल आमच्याकडे देतो, आम्ही कंपनीला, मग क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे हिशोबात परत. वाद होतो तो रेटचा. फार तर कंपनीला यातून कळतं की कुठल्या भागात गरजेपेक्षा जास्त माल ढकललाय.

रिकॉल वरून खाली येतो: एका बॅचमध्ये, म्हणजे एकत्र बनवलेल्या मालात, खोट निघाली की तो सगळा माल परत मागवतात. 2025 मध्ये आपल्याच एमपीत, छिंदवाड्यात, लहान मुलं ज्याने दगावली, त्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपची बॅच एसआर-13, मे 2025 ची, एक्स्पायरी एप्रिल 2027, आणि आत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन! त्या दिवसांत शेजारच्या काकू कुठल्यातरी दुसऱ्या सिरपची अर्धी बाटली घेऊन आल्या, "अरे, तारीख तर 27 ची आहे, मग चांगलंच असेल ना?" काकू, तारीख सांगते नीट ठेवलं तर कधीपर्यंत टिकेल. मुळात नीट बनलं का, ते तारखेवरून कळतच नाही.

म्हणून रिकॉलमध्ये कंपनी बॅचचा हिशोब मांडते: किती बनलं, कुठल्या स्टॉकिस्टला किती गेलं, किती परत आलं, आणि जे जुळत नाही ते कुणाच्यातरी घरात आहे. जिवाला धोका असेल त्या क्लास वन रिकॉलला सरकारी गाइडलाइनप्रमाणे माल परत मागवायला 24 तास, जास्तीत जास्त 72. आणि आमच्याकडे बिल बनवणारा मुलगा स्क्रीनवरच्या यादीतली सगळ्यात वरची बॅच एंटर मारून बिलात टाकतो, डब्यात जाते दुसरीच! तिथेच साखळी तुटते, मग रिकॉलचा फोन भलत्याच दुकानात जातो. स्ट्रिप कापून देताना बॅचचा तुकडा दुकानातच राहतो, त्याचाही मला भयंकर राग येतो.

अजून एक, रंग बदललेली किंवा भुगा झालेली गोळी आली की लोक ती सरळ एक्स्पायरीच्या खोक्यात टाकतात. असं कृपा करून करू नका. ती तक्रार आहे, बॅच नंबरसकट वेगळी लिहून कंपनीला कळवा. त्या खोक्यात गेली की कंपनीच्या लेखी ती फक्त तारीख संपलेली गोळी, आणि त्याच बॅचचा बाकीचा माल विकला जात राहतो.