शून्य अंश म्हणजे नेमकं कुठे?

‘डिझाइनमध्ये चिप सरळ दिसतेय ना, मग मशीनही ती सरळच बसवणार’ हा समज सर्किट बोर्ड बनवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

भाग उचलून बोर्डावर बसवणाऱ्या पिक-अँड-प्लेस मशीनला तुमचं चित्र दिसत नाही. तिला मिळते एक फाइल: भागाचं नाव, एक्स, वाय, बाजू आणि कोन. त्यात ‘९०’ लिहिलेलं असतं, पण कशापासून ९०? ते त्या भागाचं फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावर तो जिथे बसतो त्या जागेचा आराखडा, काढणाऱ्याने शून्य कुठे धरला यावर ठरतं. प्रमाण नाही असंही नाही. आयईसी ६११८८-७ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात शून्य अंशाच्या चक्क दोन पद्धती आहेत: एकीत पिन १ (चिपचा पहिला पाय) वर डावीकडे, दुसरीत खाली डावीकडे. म्हणजे नियम पाळूनही ९० अंशांचा घोळ! शिवाय भाग ज्या रिळावरून मशीनला पुरवले जातात, त्या रिळाच्या टेपमध्ये भाग कसा पडलेला आहे, हा हिशेब वेगळाच.

रेझिस्टर १८० अंश फिरला तरी बिघडत नाही. एलईडी, डायोड, टँटलम कपॅसिटर आणि चौकोनी क्यूएफएन (बाहेर पाय नसलेली) चिप मात्र माफ करत नाहीत. उलटा टँटलम तर पेटूही शकतो. बोर्डाच्या खालच्या बाजूला आणखी गोंधळ, कारण कोन वरून पाहून मोजायचा की खालून, यावर सॉफ्टवेअरांचं एकमत नाही.

म्हणून फाइलमधले आकडे नजरेने सरळ करत बसू नका. पिन १ आणि कॅथोडच्या (डायोड-एलईडीच्या ऋण टोकाच्या) खुणा दाखवणारं असेंब्ली ड्रॉइंग सोबत द्या, जोडणी करणाऱ्याच्या प्रिव्ह्यूमध्ये ध्रुवता असलेला (म्हणजे उलटा बसवून न चालणारा) प्रत्येक भाग तपासा, आणि पहिला बोर्ड पाहिल्याशिवाय बाकीच्यांना हिरवा कंदील देऊ नका.