मलप्रभेकाठचे जय-पराजयाचे दगड

पुतळा कुणाचा आणि चौक कुणाचा, यावरून बेळगावात अधूनमधून ठिणगी पडतेच. ऑगस्ट २०२० मध्ये पिरनवाडीत कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे लढवय्ये संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्यावरून प्रकरण लाठीमारापर्यंत गेले. शेवटी पुतळा रायण्णांचा आणि चौकाला नाव छत्रपती शिवाजी महाराजांचे, अशी तडजोड झाली. वाद ताजा असला तरी विजयाच्या आणि मरणाच्या खुणा दगडात ठेवण्याची इथली चाल चौदाशे वर्षांची तरी आहे.

खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे पट्टदकल, ऐहोळेवरून वाहते. ऐहोळेच्या मेगुती देवळावर ६३४ सालची रविकीर्तीची प्रशस्ती आहे. बदामीचा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाचा गर्व उतरवला, ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर सत्ता मिळवली, असे तीत म्हटले आहे. पण दहा वर्षेही झाली नाहीत तोच पल्लव नरसिंहवर्म्याने पुलकेशीची बदामीच घेतली आणि तिथल्या खडकावर स्वतःचा लेख खोदला. पुढे शंभरेक वर्षांनी चालुक्यांच्याच दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची राजधानी कांची जिंकून त्याचे उट्टे काढले. मात्र तिथल्या कैलासनाथाच्या देवळातली संपत्ती त्याने देवाला परत केली आणि तसा कन्नड लेख त्याच देवळात कोरवला. शत्रूच्या देवळात आपल्या औदार्याची नोंद करून ठेवायची, ही फुशारकी लुटीपेक्षा वरचढ! या विजयाची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीने बांधवलेले विरूपाक्ष मंदिर पट्टदकलला उभे आहे. चोळांना असला संकोच नव्हता. अकराव्या शतकात राजाधिराजाने चालुक्यांची कल्याणी जाळली, तिथला द्वारपाल उचलून नेला आणि तसे त्याच मूर्तीवर कोरून ठेवले.

हे झाले राजांचे. गावाने आठवण ठेवली ती मेलेल्यांची. सीमाभागातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात, नाहीतर वेशीपाशी वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा, कधी आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच. माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. लढाई राज्याची असायची तशीच चोरांनी वळवलेल्या गुरांसाठीचीही, आणि दगडाचा मान दोन्हींना सारखाच. आता त्यावर तेल-शेंदराची पुटे इतकी चढली आहेत की खालची चौकट हातानेच चाचपावी लागते.

याहून वेगळा दगड धारवाडजवळच्या यादवाडला आहे. १६७८ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना मराठी फौजेने बैलहोंगल भागातल्या बेलवडीला वेढा घातला, तेव्हा देसाईण मल्लम्मा लढली. शिवाजी महाराजांनी पुढे तिला सन्मानाने वागवले म्हणून तिनेच त्यांची शिळा कोरवून घेतली, अशी परंपरा आहे. हरलेल्या बाजूने जिंकणाऱ्याचे स्मारक करावे, हे विरळाच.

कित्तूरची गोष्ट उलटी. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तिथल्या लढाईत मारला गेला. त्याचे स्मारक इंग्रजांनी धारवाडला बांधले. डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या आणि रायण्णांना १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण थॅकरेच्या स्मारकाकडे मुद्दाम कोण जातो? नंदगडला मात्र रायण्णांच्या समाधीवरच्या वडाला मूल व्हावे म्हणून नवसाचे पाळणे बांधतात, आणि कित्तूरला दर ऑक्टोबरात उत्सव भरतो.

इंग्रजांनीच घडवलेल्या मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ही रेजिमेंट ४ फेब्रुवारीला मराठा दिवस पाळते; १६७० साली त्या तारखेला तानाजीने सिंहगड घेतला. रेजिमेंटमध्ये कन्नड घरांतलेही जवान आहेत, आणि शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची युद्धघोषणा तेही त्याच जोरात देतात.